शिंपल्यांचं जाळं

सरांच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. नवीन मुलांना वाटायचं आत देव वगैरे असेल. आत जमिनीवर छापखान्यातून आणलेला लांबच्या लांब कागद पसरलेला असायचा आणि त्यावर शिंपल्या मांडलेल्या असायच्या. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या साध्या शिंपल्या. सर सकाळी फिरायला जात तेव्हा गोळा करून आणत, फुटक्या बाजूला काढत आणि बाकीच्या कॉलेजच्या कँटीनमधल्या बादलीत धूत. कँटीनवाले काका रोज एकच विचारायचे, "सर, शिकवायचंय की कालवण करायचंय?" सर रोज उत्तर द्यायचे, "आत्ता तरी शिकवायचंय."

हे "आत्ता तरी" सरांच्या प्रत्येक वाक्यात असायचं. बरे आहात का विचारलं तर आत्ता तरी. लाईट आहे का, आत्ता तरी. उद्या तास होणार का विचारलं तर सर आधी खिडकीतून बाहेर बघायचे. "होईल" असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. खोलीला कुलूप लावून गेटपर्यंत जायचे आणि कुलूप ओढून बघायला परत यायचे. एसटीला तर तासभर आधी जाऊन बसायचे. सगळे त्यांना शिंपलीसर म्हणायचे, ते त्यांना माहीत होतं.

सर आता निवृत्त झालेत. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण मला नीट जमेल का याची धास्ती वाटते. माझ्या घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नाही. एखादी गोष्ट सांगायची म्हणजे कुठून सुरू करायची, हे मला अजून कळत नाही. सरांनाच विचारलं असतं तर म्हणाले असते, "कुठूनही कर. थाऱ्याला आलं की झालं."

थारा हा त्यांचाच शब्द. तो समजवायला शिंपल्यांचा खेळ सांगायला हवा.

सरांचा विषय होता जनुकांचं जाळं. पेशीतली जनुकं एकमेकांना चालू-बंद करत असतात, कोणाच्या सांगण्यावरून कोण उठतं आणि कोण बसतं, याचा एक नकाशा करता येतो. सर घशाच्या कॅन्सरच्या गाठींचे नकाशे करायचे. कागदावरची प्रत्येक शिंपली म्हणजे एक जनुक. उताणी असेल तर चालू, पालथी असेल तर बंद. प्रत्येकाला एक शिंपली आणि एक नियम मिळायचा. डावीकडची उताणी असेल तर तू पालथी हो, असा काहीतरी. सर वाटीवर चमचा वाजवायचे, की सगळ्यांनी आपापली शिंपली नियमाप्रमाणे ठेवायची. परत चमचा, परत उलटापालट. असं करता करता एक वेळ यायची की चमचा वाजला तरी काहीच हलायचं नाही. मग सर हात वर करायचे. "आलं थाऱ्याला."

एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, हे कॉम्प्युटरवर दोन सेकंदांत होतं."

"होतं की. दोन सेकंदांत तुला काय दिसलं?"

"उत्तर."

"मग बस आता खाली आणि बाकीचं बघ."

खोलीत पंखा लावायची परवानगी नव्हती, कागद उडायचा. ऑक्टोबरात आम्ही घामाने निथळत असायचो. बाहेरून तपासणीला एक समिती आली तेव्हा प्राचार्यांनी सांगितलं होतं, तो पसारा आवरा. सरांनी आवरला नाही. उलट समितीतल्या एका मोठ्या माणसाला बूट काढायला लावले आणि हातात शिंपली दिली. त्यांनी ती चुकीच्या वेळी उलटली. सर कळवळून म्हणाले, "अहो, पेशी मारलीत की तुम्ही!" प्राचार्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

विषाणू शिकवायचे तेव्हा सर खिशातून जांभ्या दगडाचे दोन लाल खडे काढायचे. घशाचे काही कॅन्सर एका विषाणूमुळे होतात. तो पेशीत शिरतो आणि पेशी वाढू न देणारी जी राखणदार जनुकं असतात, त्यातल्या दोघांना दाबून ठेवतो. सर एक खडा एका पालथ्या शिंपलीवर ठेवायचे, दुसरा दुसरीवर, आणि चमचा वाजवायचे. त्या दोन शिंपल्यांना उठताच यायचं नाही. पुढच्या सगळ्या गडबडायच्या आणि शेवटी जाळं भलत्याच ठिकाणी येऊन स्थिर व्हायचं.

"हाही थाराच," सर म्हणायचे. "आजार म्हणजे सगळं मोडलं असं समजू नका. आजारसुद्धा पेशीला मानवतो, म्हणून तर तो हटत नाही."

मग ते तंबाखूचा कॅन्सर दाखवायचे. त्यासाठी फुटकी शिंपली लागायची. तंबाखूने बहुतेकदा राखणदाराचंच जनुक मोडतं. विषाणूने ते मोडत नाही, नुसतं दाबलं जातं. "म्हणून विषाणूवाली गाठ औषधांना जास्त ऐकते. बहुतेक वेळा. आत्ता तरी असं दिसतं."

हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ करत होते. तेव्हा बाबा मुंबईत एका गोदामात कामाला होते. आमचं गाव खेडपासून आत आहे. बाबा लग्नाआधीपासून मुंबईत. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. त्या शिमग्याला आले तेव्हा गावच्या न्हाव्याला दाढी करताना त्यांच्या कानाखाली गाठ लागली. बाबा म्हणाले, दाढ सुजली असेल. आईने हळद लावली. गाठ गेली नाही. मुंबईच्या हॉस्पिटलात आधी सुई घालून तपासलं, मग घशातला तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी मी बाबांबरोबर होते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, कॅन्सर आहे, विषाणूचा प्रकार आहे, औषध आणि किरणांनी उपचार करू, पण आता वेळ घालवू नका, आणि रोज यायचं म्हणजे घरचं कोणीतरी सोबत लागेल.

बाबांनी कधी तंबाखू खाल्ली नव्हती. ते बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना, तंबाखूचा नाय." जणू काही पासच झाले होते. मला मात्र तो विषाणू कसा पसरतो हे माहीत होतं. मी गप्प राहिले.

मी गप्प राहून काही उपयोग झाला नाही. बाबांच्या मुंबईतल्या खोलीत त्यांचे एक चुलतभाऊ राहतात. त्यांनी मोबाईलवर शोधलं आणि आईला फोन केला. "वयनी, हा बायकांकडनं येनारा आजार हाय." त्यांना गंमत वाटली होती की काळजी, मला अजून कळलेलं नाही.

बाबा सामान घ्यायला गावी आले तेव्हा आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची आणि मागच्या दारी जाऊन बसायची. मी म्हटलं, आई, तुला त्यांच्याबरोबर मुंबईला जायला लागेल. ती म्हणाली, "त्या खोलीत मी पाय ठेवनार नाय."

मी म्हटलं, मग मी जाते. तर बाबांनीच अंथरुणावरून मान हलवली. "तू नको. तुझी आई नाय आली, तर लोक बोलतात तां खरं व्हईल. त्यापेक्षा मी जातच नाय. हितंच काय व्हायचं तां व्हईल."

डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ येत होती. दोघंही हटत नव्हते. मी रत्नागिरीला परत आले आणि सरांच्या खोलीत एकटीच शिंपल्या मांडून बसले.

मी काय करत होते ते आज लिहितानाही कसंतरी वाटतं. मी विषाणूचा थारा मांडला, दोन खडे जागेवर ठेवले आणि एकेक चमचा मागे जायला सुरुवात केली. हे असं आहे, तर याच्याआधी कसं असेल? त्याच्याआधी? मला वाटत होतं, नीट मागे मागे गेलं तर सुरुवात सापडेल. विषाणू कधी आला ते कळेल. लग्नाआधी आला असेल तर आईला काहीतरी सांगता येईल. प्रत्येक पायरीला दोन-तीन वाटा फुटत होत्या. मी त्या सगळ्यांसाठी शिंपल्या मांडत सुटले. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

सर दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"उलटं चालवतेस काय गो?"

मी दचकले.

"ते चालत नाही उलटं. दहा ठिकाणांहून निघालेली माणसं एकाच एसटी स्टँडवर येतात. स्टँडवर उभं राहून कोण कुठल्या गावाहून आलं ते सांगशील तू?"

"नाही."

"मग?"

मग मी त्यांना सांगितलं. सगळं, एका दमात. बाबांचं, खोलीचं, काकांच्या फोनचं. सर ऐकताना शिंपल्या गोळा करत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "मी डॉक्टर नाही." थोड्या वेळाने परत म्हणाले, "मी डॉक्टर नाही हं." मग कुलूप लावून गेले आणि गेटवरून परत आले. मला वाटलं, कुलूप ओढून बघायला. पण त्यांनी विचारलं, "खेडहून तुमच्या गावाला गाडी कितीला असते?"

रविवारी मी स्टँडवर पोचले तेव्हा सर बाकावर बसून कंटाळलेले दिसत होते. मांडीवर कापडी पिशवी, त्यात शिंपल्या. गाडीत मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही कधीच कुठल्या गोष्टीला होईल म्हणत नाही. का?"

"एकदा म्हटलं होतं," सर म्हणाले, आणि निवळी घाट उतरेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

आईला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की कॉलेजातले सर येतायत. तिने पदर खोचूनच दार उघडलं. ती वाडीत सगळ्यांना सांगायची की माझी पोर शिंपल्यांचं शिकते. आता पिशवी बघून म्हणाली, "मास्तर, खरंच शिंपल्याच हायत की हो."

ओटीवर सर मांडी घालून बसले. बाबा आतल्या खोलीत खाटेवर पडून होते. दार उघडं होतं. सरांनी आईसमोर पाचसहा शिंपल्या मांडल्या, दोन खडे ठेवले आणि जनुक हा शब्दही न काढता सांगितलं, ह्या शरीरातल्या राखणदारणी, हे खडे म्हणजे तो विषाणू. आईला नियम समजवला. आईने एकदा विचारलं आणि लगेच जमवलं. भांड्यांच्या फळीवरचा चमचा मी आणून दिला.

मग सर म्हणाले, "आता तुम्ही आत जा. मी कुठूनतरी सुरू करतो. तुम्ही बाहेर येऊन ओळखायचं, मी सुरुवात कशी मांडली होती."

आई आत गेली. सरांनी शिंपल्या एका प्रकारे मांडल्या, चमचा वाजवत थाऱ्यापर्यंत नेल्या. आई बाहेर आली. बघत राहिली.

"ही पयली उताणी होती."

"नाही."

परत आत. सरांनी वेगळी सुरुवात केली. आई बाहेर आली तर मांडणी तीच, अगदी मघासारखी.

"अहो, ही तर तीच हाय."

"सुरुवात वेगळी होती."

तिसऱ्यांदा आई आत गेलीच नाही. "मला काय समजनार? शेवटाला सारखंच दिसतंय."

"मलाही समजत नाही," सर म्हणाले. "डॉक्टरांनाही समजत नाही. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. खूप लोकांना होतो, बहुतेकांचा आपोआप जातो, त्यांना पत्तासुद्धा लागत नाही. एखाद्याचा राहतो. कधी आला, कोणाकडून आला, लग्नाआधी की नंतर, हे रिपोर्टात नसतं. गाठीतही नसतं."

आई शिंपल्यांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "म्हंजे माझ्यात पन असंल?"

मला जमिनीत जावंसं वाटलं.

"असू शकतं. होऊन गेला असेल. नसेलही."

"म्हंजे हे सुटले?"

आतल्या खोलीत खाट कुरकुरली.

"सुटले असं मी म्हणत नाही," सर म्हणाले. "ह्या आजारावरून त्यांना धरता येत नाही, एवढंच."

वाडीतून कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. मग आईने सरळ सरांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "बरे व्हतील ना ते?"

मला वाटलं, आता तरी सर म्हणतील. एवढ्या लांब आलेत. एक शब्द म्हणायला काय जातंय?

"तंबाखूचा असतो त्यापेक्षा ह्यात बरं होण्याची शक्यता जास्त असते. शिंपली फुटलेली नसते, दाबलेली असते. उपचार वेळेत झाले तर..."

"तां ऱ्हावू दे. व्हतील काय?"

सरांनी चमचा खाली ठेवला. परत उचलला. कपाळावरून घाम गळत होता, तो त्यांनी पुसला नाही. त्यांच्या ओठांवर तो शब्द आलेला मी पाहिला, शपथ. पण ते म्हणाले, "मला माहीत नाही."

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाय, मास्तरांना पानी दे. घाम सुटलाय त्यांना."

मी आत पाणी घ्यायला गेले तर ती मागून आली. मला वाटलं रडेल. ती माठाजवळ उभी राहून हळू म्हणाली, "बरे व्हतील म्हनायला जो मानूस एवढा भितो, तो बाकीचं खोटं कशाला सांगंल?"

आणि खाटेपाशी जाऊन ती बाबांना मोठ्याने बोलली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. "आयकलांव काय? धरता येत नाय म्हनतायत. उठा. पिशवीत काय काय भरायचं तां सांगा. आनि बरे झाल्यावं मी इचारनार हाय. सोडनार नाय."

"इचार," बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

ओटीवर सर शिंपल्या एकेक पुसून पिशवीत टाकत होते. मला बघून त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "मी चुकीचं काही बोललो का गो? फार कमी बोललो का?"

आई त्या खोलीत जाऊन राहिली. चुलतकाकांनी चार दिवस तोंड लपवलं, मग तेच रोज हॉस्पिटलात डबा पोचवू लागले. किरणांनी बाबांची मान काळी पडली, गिळता येईना, तोंडाला कोरड पडली आणि चव गेली. फोनवर आई एवढंच सांगायची, आज दोन वाट्या पेज गेली, आज एकच. मी इकडे परीक्षेचा अभ्यास करत होते आणि वाचलेलं काही डोक्यात राहत नव्हतं. सर मला रोज कॉरिडॉरमध्ये गाठायचे. विचारायचे काही नाहीत, नुसते समोर उभे राहायचे. मी "दोन वाट्या" म्हटलं की मान हलवून जायचे.

उपचार संपल्यानंतरच्या तपासणीत गाठ दिसली नाही. तपासण्या अजून चालू आहेत.

बाबा गावी परतल्यावर सर त्यांना बघायला आले. तेव्हा ते निवृत्त झालेले होते. या वेळी पिशवीत शिंपल्या नव्हत्या, मोसंबी होती. आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाबांना भात मऊ लागायचा आणि त्यावर कुळथाची पिठी. आम्ही जेवायला बसलो. बाबांशेजारी सर, समोर मी. आई वाढत होती.

मी तिला आदल्या दिवशीच विचारलं होतं, "बाबांना ते विचारलंस का?" ती चूल फुंकत म्हणाली होती, "चव नाय तोंडाला त्यांच्या. चव येऊं दे. मंग इचारते." तिने ठरवूनच टाकलं होतं. रोज जेवताना ती बाबांना एकच विचारायची, पिठी कशी झालीय. बाबा रोज म्हणायचे, कळत नाय.

त्या दिवशीही तिने विचारलं. बाबांनी घास फिरवला. थांबले. परत एक घास घेतला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

आईच्या हातात डाव होता, तो तसाच राहिला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. सरांनाही कळलं असावं, कारण त्यांचा घास ताटातच राहिला. बाबा खाली बघत होते. मला वाटतं, तेही वाट बघत होते.

आई आत गेली आणि मिठाची वाटी घेऊन आली. बाबांच्या ताटाच्या कडेला तिने चिमूटभर मीठ ठेवलं, वाकून बोटाने पिठीत कालवलं, आणि म्हणाली, "आता बघा."

बाबांनी बघितलं. "बास," म्हणाले.

"मास्तर," आई सरांकडे वळून म्हणाली, "तुम्ही जेवा. भात निवतोय."